मालगाड्यांच्या मार्गावर प्रवासी : वसई–दिवा रेल्वे आणि घोडबंदरचा पट्टा

वसई रोड ते दिवा हा ४२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांना मुंबई शहराच्या बाहेरून जोडतो. वसई रोड सोडल्यावर जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड आणि कोपर ही स्थानके घेत तो दिव्याला पोहोचतो. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेने वळसा घेऊन वसईच्या खाडीत उतरते. या पाण्याच्या उत्तर अंगाला हा लोहमार्ग आहे. दक्षिण अंगाला माजिवड्यापासून कासारवडवली, गायमुख करीत घोडबंदरला जाणारा रस्ता आहे. दोन्ही वाटा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि दोन्ही ठाणे जिल्ह्याला अहमदाबादच्या बाजूला नेऊन सोडतात. रस्त्यावर रात्रंदिवस वाहनांची रांग हटत नाही. रेल्वेमार्गावर मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सतत धावतात, पण आसपासच्या माणसांना चढता येईल अशा गाड्या दिवसाकाठी मोजक्याच आहेत. माल वाहून नेणारा मार्ग प्रवाशांसाठी आणि पर्यटकांसाठी खुला करायचा म्हणजे नेमके काय काय करावे लागते, हे समजून घ्यायला या पट्ट्याइतके जवळचे आणि निकडीचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

या भागाचा जुना नकाशा पाण्याने आखलेला होता. सोपारा, वसई, घोडबंदर, ठाणे, भिवंडी, कल्याण ही गावे एकाच जलमार्गावरची बंदरे. भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन पडाव आणि मचवे या गावांमध्ये धान्य, मीठ, लाकूड आणि कापड नेत-आणत. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, ठाण्यापासून वसईपर्यंतची खाडी हे एकच रणक्षेत्र होते, आणि घोडबंदरच्या किल्ल्याला महत्त्व होते ते या जलमार्गावर नजर ठेवण्यासाठी. रेल्वे आली आणि ही आडवी जोडणी तुटली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडला पोहोचला. दोन्ही कंपन्यांचे तोंड मुंबईकडे होते. परिणामी कल्याण आणि वसई ही एका खाडीवरची शेजारची गावे दोन वेगळ्या मार्गांवरची दूरची स्थानके झाली. आजही दिव्याहून वसईला लोकलने जायचे तर दादरला उतरून मार्ग बदलावा लागतो आणि सुमारे ७५ किलोमीटर प्रवास घडतो. सरळ मार्ग आहे ४२ किलोमीटरचा.

हा सरळ मार्ग प्रवाशांच्या सोयीसाठी झाला नाही. गुजरात आणि उत्तर भारतातून येणारा माल दक्षिणेकडे नेताना मुंबईच्या गजबजलेल्या लोकलमार्गांवर आणावा लागू नये, हा त्यामागचा विचार होता. दिवा–पनवेल मार्ग १९६० च्या दशकात तयार झाला होता. तो पुढे आपट्यापर्यंत आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेला. दरम्यान १९८० च्या दशकात वसई–दिवा जोड पूर्ण झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि १९९८ मध्ये रोहा ते मंगळुरूदरम्यानची कोकण रेल्वे सुरू झाली. या दोन घटनांनी वसई–दिवा मार्गाचे महत्त्व कितीतरी पटींनी वाढवले. बंदरातून उत्तरेकडे जाणारे कंटेनर आणि गुजरात-राजस्थानातून कोकण-केरळकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या, दोन्हींना हीच वाट. स्थानिक प्रवाशांसाठीची गाडी १९९० च्या दशकात, मालगाड्यांमागून आली. प्रथम डिझेलवरची डेमू, नंतर विजेवरची मेमू. मार्ग आपल्या दारातून जातो पण गाडी आपल्यासाठी थांबत नाही, असा अनुभव खारबाव-कामणच्या दोन पिढ्यांनी घेतला आहे.

प्रवासी सेवेच्या दृष्टीने निद्रिस्त मार्ग म्हटला की गवत उगवलेले, गंजलेले रूळ डोळ्यांपुढे येतात. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही वऱ्हाडच्या कापसासाठी घातलेली अरुंद मार्गावरची गाडी त्या प्रकारात मोडते. तिथे प्रश्न रूळच बदलण्याचा आहे. वसई–दिवा हा दुसरा प्रकार. इथे रूळ जागे आहेत, प्रवासी वाहतूक तेवढी झोपलेली आहे. वरवर पाहता हे काम सोपे वाटते: रूळ आहेत, तारा आहेत, फलाट आहेत, फक्त गाड्या वाढवायच्या. प्रत्यक्षात ओसाड मार्ग जागा करण्यापेक्षा गजबजलेल्या मालमार्गावर माणसांना जागा मिळवून देणे अधिक अवघड असते, कारण तिथे आधीपासून कोणीतरी बसलेले असते.

मालाच्या मार्गावर माणसे आणण्याचा मुंबईचा स्वतःचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. कुर्ला ते चेंबूर हा एकेरी मार्ग १९०६ मध्ये घातला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. १९२४ मध्ये तो प्रवाशांना खुला झाला. पुढे तो मानखुर्दपर्यंत वाढला आणि १९९२ मध्ये खाडीपूल ओलांडून वाशीला गेला. आज नवी मुंबईचे सगळे दैनंदिन जीवन ज्या हार्बर मार्गावर उभे आहे त्याच्या एका तुकड्याचे मूळ कचरागाडीत आहे, ही गोष्ट शहरनियोजनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. उरणची कथा अलीकडची. पनवेलहून उरणकडे जाणारी मालवाहतुकीची वाट कित्येक दशके होती, पण उरणकरांना नियमित लोकल मिळाली ती नेरूळ-बेलापूरकडून घातलेल्या वेगळ्या मार्गाने: २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत. पेणहून थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कारखान्याकडे जाणारा फाटा अलिबागकरांसाठी खुला करावा, ही मागणीही जुनी आहे. अलिबागसारखे पर्यटनाचे गाव फाट्याच्या टोकाशी असूनही त्यावरून खतच धावते.

परदेशांतील दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात, कारण त्यांत अडचणी उघड दिसतात. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल ते ॲशिंग्टन या कोळसापट्ट्यातील मार्गावरची प्रवासी वाहतूक १९६४ मध्ये बंद झाली. मालगाड्या मात्र चालू राहिल्या. साठ वर्षांनी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, त्या मार्गावर पुन्हा प्रवासी गाडी धावली. रूळ सगळा वेळ जागेवर असूनही फलाट, पादचारी पूल, सिग्नल आणि फाटकांच्या कामांना वर्षे लागली, आणि पहिल्या दिवशी सहापैकी मोजकीच स्थानके तयार होती. दुसरे उदाहरण डेव्हन परगण्यातील ओकहॅम्प्टनचे. तिथली रोजची गाडी १९७२ मध्ये थांबली, पण पुढच्या खाणीतून रुळांखालची खडी न्यायची म्हणून मार्ग टिकला. १९९७ पासून उन्हाळ्यातल्या रविवारी डोंगराळ पठारावर फिरायला जाणाऱ्यांसाठी गाडी सोडली जाऊ लागली. त्या रविवारच्या गाडीने मार्गाची आठवण लोकांच्या मनात जागती ठेवली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे रोजची सेवा परत आली. पर्यटक आधी आणि नोकरदार नंतर, असा क्रम तिथे लागला. ठाणे-वसई पट्ट्यात क्रम उलटा असायला हवा, कारण इथे कामावर जाणारा माणूस आधीच रस्त्यावर अडकून पडलेला आहे; तरीही रविवारच्या गाडीचे मोल कमी लेखू नये.

मालमार्गावर प्रवासी गाडी वाढवणे कुठे अडते, हे रुळांच्या पातळीवरून पाहिले तर लगेच कळते. वसई रोड ते दिवा या ४२ किलोमीटरांत सात स्थानके, म्हणजे सहा टप्पे. सरासरी टप्पा सात किलोमीटरचा. मालवाहतुकीच्या मार्गांवर सर्वसाधारण नियम असा की एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. कंटेनरची एक रेक पंचेचाळीस सपाट वाघिणींची, सहाशे-सातशे मीटर लांब. अशी रेक उभ्या अवस्थेतून निघाली की वेग घ्यायला तिला बराच वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटरने ती सात किलोमीटरचा टप्पा ओलांडेपर्यंत दहा मिनिटे जातात, आणि तोवर मागच्या स्थानकात मेमू लाल सिग्नल बघत उभी. रेक पुढे सरकली की मेमू सुटते; पुढच्या टप्प्यात पुन्हा तीच रेक आडवी. मागून केरळला जाणारी एक्स्प्रेस आली तर मेमूला बाजूच्या लूपमध्ये घेतले जाते आणि एक्स्प्रेस पुढे काढली जाते. प्रवाशाला दिसते ती फक्त गाडीची दिरंगाई. वेळापत्रक आखणाऱ्याच्या भाषेत याला पाथ, म्हणजे वेळापत्रकातली जागा, मिळत नाही असे म्हणतात, आणि या मार्गावरचा खरा तुटवडा डब्यांचा किंवा रुळांचा नसून पाथचा आहे.

यावर तांत्रिक उत्तर आहे. टप्प्यांमध्ये मधले सिग्नल घालून एकाच टप्प्यात दोन-तीन गाड्या सुरक्षित अंतराने सोडता येतात. मुंबईच्या लोकलमार्गांवरची स्वयंचलित सिग्नल व्यवस्था याच तत्त्वावर चालते. लूप लांब करून मालगाडीलाच बाजूला घेता येते. आणखी एक मोठी अडचण अलीकडच्या काळात संपली आहे. वसई–दिवा मार्गावर २५,००० व्होल्ट एसी पद्धतीची वीज होती, तर मध्य रेल्वेच्या मुंबई भागात १,५०० व्होल्ट डीसी. दोन्ही पद्धतींवर चालणारी गाडी नसेल तर ठाण्याची लोकल या मार्गावर येणे शक्यच नव्हते. पश्चिम रेल्वेने मुंबई भागातला डीसीकडून एसीकडचा बदल २०१२ मध्ये संपवला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो २०१५ मध्ये पूर्ण झाला. तेव्हापासून दिव्याहून वसईला साधी लोकल न्यायला विजेची आडकाठी राहिलेली नाही. दहा वर्षे झाली तरी या मोकळ्या झालेल्या दाराचा पुरेसा उपयोग झालेला नाही.

फलाटांची बाजू वेगळी आहे, आणि ती थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे. कोपर हे स्थानक दोन मजली आहे. खाली डोंबिवली-दिव्याची लोकल धावते. तिच्या डोक्यावरून, उंच भरावावरून आडवी वसईची वाट जाते, आणि तिच्यासाठी वर स्वतंत्र फलाट आहे. लोकलमधून उतरून जिना चढला की प्रवासी एका रेल्वेच्या जगातून दुसऱ्या जगात येतो: खाली तीन-चार मिनिटांना गाडी, वर पुढची गाडी केव्हा हे आधी माहीत करून घ्यावे लागते. अदलाबदलीची जागा इतकी सुबक रचलेली असताना तिचा उपयोग वेळापत्रकामुळे वाया जातो, याची खंत वाटते. खाली-वरच्या गाड्यांच्या वेळा जुळवल्या तर डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणच्या प्रवाशाला वसई एका जिन्याच्या अंतरावर येईल.

भिवंडी रोडची गत आणखी बोलकी आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार आणि भिवंडी या चार महापालिकांची लोकसंख्या त्या जनगणनेत मिळून ५० लाखांच्या घरात जात होती, आणि या चारही शहरांना आडवे जोडणारा हा एकमेव लोहमार्ग. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या भिवंडीला मात्र रेल्वे हे शहराच्या कडेचे, अंजूरफाट्याजवळचे एक स्थानक एवढेच माहीत. रिक्षाने स्थानकापर्यंत यायचे, गाडीची वाट बघायची आणि ती चुकली तर परत रस्ता धरायचा, यापेक्षा थेट ठाण्याची बस बरी असा हिशेब लोक करतात आणि तो चुकीचा नाही. २०२० मध्ये भिवंडी रोड हे पार्सल वाहतुकीचे ठिकाण झाले. गोदामांतला माल इथून देशभर जाऊ लागला. म्हणजे भिवंडीच्या गरजेची दखल रेल्वेने घेतली, ती खोक्यांच्या रूपात. माणसांची पाळी अजून यायची आहे.

घोडबंदर रोडवरच्या माणसाचा या मार्गाशी संबंध काय, असे विचारले जाते. उत्तर रस्त्यावरच उभे आहे. न्हावा-शेवा बंदराकडून अहमदाबाद महामार्गाला लागणारे ट्रेलर मुंब्रा वळणमार्ग, माजिवडा आणि घोडबंदर असे जातात. गायमुखच्या घाटात एखादे जड वाहन बंद पडले की कासारवडवली, वाघबीळ, मानपाडा इथल्या वसाहतींतली सकाळ बिघडते. अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी घालणे हा उपाय वारंवार होतो आणि त्याने फक्त वेळ बदलते, ओझे नाही. याच कंटेनरांचा मोठा हिस्सा खाडीपलीकडच्या रुळांवर गेला तर रस्ता हलका होईल. म्हणून इथे मालाची आणि माणसांची बाजू एकमेकांविरुद्ध मांडणे योग्य नाही. मालाला रेल्वेवर अधिक जागा हवी आणि माणसांनाही हवी, आणि दोघांनाही ती मिळण्याची शक्यता ज्यामुळे निर्माण झाली आहे तो प्रकल्प म्हणजे पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग.

जवाहरलाल नेहरू बंदर ते उत्तर प्रदेशातील दादरी हा १,५०६ किलोमीटरचा मार्ग केवळ मालगाड्यांसाठी आहे. एकावर एक रचलेले दोन कंटेनर जातील इतक्या उंचीवर त्याच्या तारा आहेत आणि दीड किलोमीटर लांबीच्या गाड्या त्यावर चालवता येतात. त्याचा बंदर ते वैतरणा हा १०२ किलोमीटरचा दक्षिण टप्पा सर्वांत अवघड ठरला आणि सर्वांत मागे पडला, कारण तो पनवेल, निळजे, खारबाव, कामण अशा दाट वस्तीच्या, खाडीच्या आणि डोंगराच्या प्रदेशातून जातो. म्हणजे बहुतांशी वसई–दिवा मार्गाच्या शेजारूनच. हा टप्पा पूर्ण भाराने चालू झाला की बंदराच्या कंटेनरगाड्या जुन्या मार्गावरून नव्या मार्गावर सरकतील आणि जुन्या मार्गावर पाथ मोकळे होतील. वसई–दिवा प्रश्नाचे मर्म या एका वाक्यात आहे, आणि तरीही सार्वजनिक चर्चेत ते क्वचितच येते.

मोकळे झालेले पाथ आपोआप स्थानिक प्रवाशाला मिळणार नाहीत. त्यांच्यावर आधीच इतरांची नजर आहे. पश्चिम उपनगरांतील कोकणवासीयांची थेट गाडीची मागणी रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनस–मडगाव एक्स्प्रेस सुरू झाली ती याच मार्गाने. वसई रोडला तिची दिशा उलटते, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला न्यावे लागते. हे टाळण्यासाठी नायगाव ते जूचंद्र असा सुमारे साडेपाच-सहा किलोमीटरचा जोडफाटा मंजूर झाला आहे. तो झाला की बोरिवलीकडून कोकणात जाणाऱ्या गाड्या वाढतील, आणि वाढाव्यातही. परंतु मोकळ्या झालेल्या क्षमतेतील निश्चित वाटा, निदान गर्दीच्या वेळी दर अर्ध्या तासाला आणि इतर वेळी तासाला एक गाडी, स्थानिक सेवेसाठी आधीच लेखी राखून ठेवला नाही तर खारबावच्या फलाटावरून जाणाऱ्या गाड्यांची फक्त नावे बदलतील. रेल्वेच्या अर्थकारणात मालवाहतुकीचे उत्पन्न प्रवासी भाड्याचा तोटा भरून काढते; म्हणून कोणताही विभागीय अधिकारी मोकळा पाथ आधी मालाला, मग एक्स्प्रेसला आणि सर्वांत शेवटी स्वस्त तिकिटाच्या शटलला देईल. हा दोष त्या अधिकाऱ्याचा नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या हिशेबात रस्त्यावर वाया जाणारे तास, डिझेल आणि अपघात धरलेले नसतात. ते धरायचे काम राज्य शासनाचे आणि महापालिकांचे आहे.

त्यासाठी चौकट तयार आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीत स्थापन झाले ते अशाच कामांसाठी. विरार–वसई–पनवेल हा स्वतंत्र उपनगरी मार्ग त्याच्या आखणीत बरीच वर्षे आहे. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल–कर्जत मार्गाचा समावेश झाला, वसई–पनवेल मागे राहिला. स्वतंत्र रूळ घालण्याला जमीन, पैसा आणि वेळ लागणारच. प्रवाशांनी तोवर थांबावे असे मात्र कारण नाही. मोकळ्या पाथवर आजच्याच रुळांवरून नियमित शटल चालवून मागणी उभी करता येते, आणि पुढे स्वतंत्र मार्गाचे समर्थन त्या प्रवासीसंख्येवरच होते. जिथे नवी प्रवासी सेवा किंवा नवा जोडमार्ग सुरू होतो तिथे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी लागते. हा आयुक्त रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो, म्हणजे गाडी चालवणारा आणि तिला सुरक्षित म्हणणारा एकच नसतो. ही पाहणी म्हणजे अडथळा, असे सरसकट बोलले जाते. मालगाडीच्या चालकाला चालणारा उतार आणि फलाटाची कड लहान मुलाला घेऊन चढणाऱ्या बाईला चालत नाही. पाहणी त्यासाठीच असते.

स्थानकाशी जोडणी हा यापुढचा भाग, आणि घोडबंदर रोडच्या दृष्टीने तोच निर्णायक. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा विस्तार या रस्त्यावरूनच जातो. ठाणे–भिवंडी–कल्याण ही मेट्रो ५ कापूरबावडीहून बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा करीत अंजूरफाट्याला येते. अंजूरफाट्यापासून भिवंडी रोड स्थानक जवळ आहे. त्यामुळे मानपाडा किंवा वाघबीळच्या प्रवाशाला कापूरबावडीला मेट्रो बदलून रेल्वे गाठता येईल, पण त्यासाठी मेट्रो स्थानक आणि रेल्वे स्थानक यांच्यात छप्पर असलेली, दिव्यांची, चालण्याजोगी वाट लागेल. मुंबईत असे जोड नेहमी मागाहून आठवतात, आणि मग पादचारी पूल उड्डाणपुलाला टाळत, नाल्यावरून वळसे घेत बांधावा लागतो. दुसरी जोडणी याहून सरळ आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्यात खाडीवर कासारवडवली ते खारबाव असा पूल आहे, आणि गायमुखहून पायेगावकडे जाणाराही. कासारवडवली–खारबाव पूल झाला तर घोडबंदर रोडच्या वस्तीला पहिल्यांदाच खाडीपलीकडे काही मिनिटांवर रेल्वे स्थानक लाभेल. पुलाच्या उत्तरेकडचा पोचरस्ता महामार्गाच्या सोयीने वळवला जातो की खारबावच्या फलाटापाशी आणला जातो, यावर हे अवलंबून आहे.

पर्यटनाचा विचार या सगळ्यानंतर येतो, मात्र तो उपरा नाही. या मार्गाच्या अनेक स्थानकांच्या आसपास जाण्यासारखे काही आहे. वसई रोडला उतरून वसईचा किल्ला आणि पलीकडे सोपाऱ्याचा स्तूप, जिथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले. जूचंद्रला डोंगरावरची चंडिका देवी, आणि दिवाळीत रांगोळीची प्रदर्शने भरवणारे कलावंतांचे गाव. कामण रोडहून कामणदुर्ग, चिंचोटीचा धबधबा आणि तुंगारेश्वरचे जंगल. भिवंडीहून लोनाडची लेणी, तसेच वज्रेश्वरीचे मंदिर आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे. वज्रेश्वरीचे मंदिर वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांच्या नवसातून उभे राहिले. पावसाळ्यातल्या रविवारी हजारो तरुण चिंचोटीकडे दुचाक्यांवरून जातात. घोडबंदर रोड आणि महामार्गावरचे त्यांचे अपघात, धबधब्यावरच्या दुर्घटना आणि मग जमावबंदीचे आदेश हे चक्र दर वर्षी फिरते. दिवा आणि वसईहून रविवारी सकाळी सुटणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या दोन-चार जादा गाड्या, कामण रोडला वनखात्याची माहिती चौकी आणि स्थानकातून निघणारी बस एवढ्याने या गर्दीला शिस्त येऊ शकते. रविवारी मालगाड्यांची वर्दळ कामाच्या दिवसांपेक्षा कमी ठेवता आली तर पाथही मिळतात. माथेरानच्या गाडीसारखी ही गाडी स्वतःच प्रेक्षणीय ठरणार नाही. लोकांना उतरवून परत घरी आणणारी, वेळ पाळणारी साधी गाडी एवढीच तिची कामगिरी, आणि ती पुरेशी आहे.

पर्यटनाची एक मर्यादा आधीच मान्य केली पाहिजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आणि तुंगारेश्वर अभयारण्य यांच्यामधल्या पट्ट्यातून बिबटे आणि इतर प्राणी ये-जा करतात. जुना लोहमार्ग, महामार्ग आणि आता नवा मालमार्ग या पट्ट्याला छेद देतात. प्रवासी गाड्या वाढवताना त्या पट्ट्यात प्राण्यांसाठी रुळांखालचे किंवा रुळांवरचे मार्ग, कुंपणाची योग्य रचना आणि रात्रीच्या वेगाची मर्यादा यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असायला हवी. रात्रीच्या स्थानिक गाड्यांची मागणी कमी असते. तेव्हा मध्यरात्रीनंतर या टप्प्यात वेग कमी ठेवल्याने प्रवाशांचे नुकसान नगण्य आहे.

राहिला प्रश्न कालक्रमाचा. बंदर–वैतरणा टप्पा, नायगाव–जूचंद्र फाटा, मेट्रो ५ चे अंजूरफाटा स्थानक आणि कासारवडवली–खारबाव पूल ही चार कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहेत, आणि प्रत्येकीचा आराखडा आपापल्या हद्दीपुरता आहे. वसई रोड स्थानक पश्चिम रेल्वेचे, पुढचा मार्ग मध्य रेल्वेचा, त्यामुळे शटलचे वेळापत्रकही दोन मुख्यालयांत ठरते. या सगळ्यांत पाथचे आरक्षण हा एकच निर्णय कागदावर, विनाखर्च, आज घेता येतो. तो मालमार्गाचा दक्षिण टप्पा पूर्ण भाराने सुरू होण्याआधी घ्यावा लागेल, कारण एक्स्प्रेस गाड्यांचे नवे वेळापत्रक एकदा छापले गेले की त्यातून पाथ परत मिळत नाही. त्यानंतरचे काम खारबाव, कामण रोड आणि जूचंद्रच्या फलाटांची लांबी, उंची, छप्पर, दिवे, पाणी, स्वच्छतागृहे आणि स्थानकाबाहेर ठाणे, भिवंडी व वसई-विरारच्या बसना वळायला जागा यांचे आहे.